मावशींचा ट्रे आणि इन, ऑन, ॲट

मावशींना ट्रेच्या खोलीत बावीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत कुठली वस्तू कुठे आहे हे इंग्रजीत सांगा, असं त्यांना कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. वस्तू कुठे आहे हे त्यांच्या हातांना माहीत असायचं. इस्पितळाच्या तळमजल्यावर, ऑपरेशन थिएटरच्या बरोबर खाली, त्यांची ती लांबट खोली होती. वर वापरलेली हत्यारं लिफ्टने खाली यायची, शेजारच्या खोलीत धुऊन निघायची आणि स्टीलच्या लांब टेबलावर मावशींच्या पुढ्यात येऊन पडायची. मावशी एकेक हत्यार उजेडात धरून बघत, ट्रेमध्ये लावत, ट्रे दुहेरी कापडात बांधत आणि वाफेच्या यंत्राकडे पाठवत.

तिथले सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मोठे सर्जनही मावशीच म्हणायचे, आणि त्यातले निम्मे तर मावशींपेक्षा वयाने मोठे होते. मावशींना त्याचं काही वाटत नसे. भाचे पोटापाण्याला लागलेत एवढंच त्या म्हणायच्या.

ट्रे लावण्याचे नियम थोडे होते पण पक्के होते. जड खाली, नाजूक वर. कात्रीचं तोंड उघडं, म्हणजे वाफ सांध्यात शिरते. वाटी उपडी किंवा कलती, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही. हे नियम कुठे छापलेले होते का, देव जाणे. मावशींना ते त्यांच्या आधीच्या मावशींनी मनगटावर टिचक्या मारून शिकवले होते आणि आता त्या स्वतः ते छोटीला शिकवत होत्या. छोटी म्हणजे खोलीतली दुसरी कामकरीण. उंचीने छोटी, वयाने छोटी, घरी आठ महिन्यांचं मूल, आणि छातीत जन्माची धाप. वाफेच्या यंत्राचं दार उघडायची वेळ आली की मावशी तिला काहीतरी आणायला बाहेर पिटाळत, आणि ती परत येईपर्यंत स्वतःच दार उघडून मोकळ्या होत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भिंतीवर एक कागद लागला.

कागद इंग्रजीत होता. त्याचा अर्थ मेट्रनबाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितला. इस्पितळात आता देशोदेशींचे डॉक्टर येणार, त्यामुळे प्रत्येक ट्रेवर इंग्रजी कार्ड लागणार, आणि ट्रेमध्ये काय कुठे आहे हे ट्रे लावणाऱ्यानेच त्यावर लिहायचं. त्यासाठी परीक्षा. वीस वाक्यं, अर्धा तास. पास होईल तो ट्रेच्या खोलीत, नापास होईल तो धुलाईत.

धुलाई म्हणजे आवाराच्या पार टोकाची पत्र्याची इमारत. तिथे माणसापेक्षा उंच पिंपं गरागरा फिरायची, सोड्याची पूड हवेत तरंगायची आणि दिवसभर चादरी, चादरी आणि चादरी. तिथली माणसं वाईट नव्हती, कामही प्रामाणिक होतं. पण मावशींचा जीव ट्रेमध्ये होता. आपण लावलेली कात्री आज कुणाच्या तरी पोटात जाऊन आली आणि ते माणूस उद्या घरी चाललंय, हे त्यांना रोज घरी जाताना आठवायचं आणि बरं वाटायचं. चादरीबद्दल असं काही वाटेल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांना त्या खोलीतून हलायचं नव्हतं, इतकी ती साधी गोष्ट होती.

घरी त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा नवऱ्याने आधी पाणी दिलं आणि मग काळजी करू नकोस म्हणाला. नवरा जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आलेला. इंग्रजी अक्षरं अशी काढायचा की छापखान्याने लाजावं. मात्र त्यांचा अर्थ काय, हे त्याने कधी गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं. अर्थ विचारत बसलो असतो तर रंग वाळला असता, असं तो म्हणे. त्याने लगेच पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि लाल रंगात इन, ऑन, ॲट, अंडर, बिटवीन, बिहाइंड असे शब्द सुरेख काढून दिले. अक्षरं मावशींनाही त्याच्या पाट्या बघून बघून लिहिता-वाचता येत होती. आता राहिला तो फक्त अर्थ.

तो सुनेकडे होता. सून शिशुवर्गाची बाई. चार-पाच वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवायची आणि घरी येऊन वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता त्यांच्या वह्या तपासायची. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे घरात ही तिघंच. सून या घरात आली तेव्हा डबे कुठल्या फळीवर, झारा कुठल्या खिळ्याला, यावरून मावशींनी तिला सहा महिने सळो की पळो करून सोडलं होतं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. सुनेचे चार दिवस लाल पेन घेऊन आले.

पहिल्या दिवशी तिने नीट समजावलं. आपण टेबलावर म्हणतो, म्हणजे आधी टेबल आणि मग त्याच्या पाठीला चिकटून वर. इंग्रजीत तो छोटा शब्द पुढे चालतो. आधी ऑन, मग टेबल. आणि तो एकटा कधी हिंडत नाही. त्याच्या मागे एखादं नाम लागतं आणि दोघांची मिळून एक गाठ होते. त्या गाठीला प्रेपोझिशनल फ्रेज म्हणायचं. मावशींनी ते नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते वेगळं निघालं.

"नाव राहू दे, गाठ कळली," त्या म्हणाल्या.

गाठ खरंच कळली होती. सुनेने विचारलं, कुठली कात्री धारदार आहे? मावशी म्हणाल्या, टेबलावरची. झालं तर मग, सून म्हणाली, ही टेबलावरची म्हणजेच ती गाठ. ती कुठली कात्री हे सांगते, कधी कुठे आहे ते सांगते, कधी केव्हा ते सांगते. मावशींना एकदम हायसं वाटलं. इंग्रजीचा उगीच बाऊ करतात लोक, असंही वाटलं. ते वाटणं त्या संध्याकाळपुरतंच टिकलं.

दुसऱ्या दिवसापासून घोडं अडायला लागलं. पेटीत म्हणजे इन, टेबलावर म्हणजे ऑन, इथवर ठीक. मग सून म्हणाली, मोटारीत म्हणजे इन, पण बसमध्ये म्हणजे ऑन. मावशींनी विचारलं, बसच्या टपावर का? नाही, आतच, सीटवर बसलेलं माणूस. मग इन का नाही? सून म्हणाली, तसंच म्हणतात. भिंतीवर चित्र, ऑन. भिंतीत भोक, इन. हेही ठीक. पण माशी छताला चिकटलेली असेल तरी ऑन. मावशी मान वर करून छताकडे बघत बसल्या. माशी छताच्या खाली होती. सगळ्या जगाला ती खाली दिसत होती. इंग्रजांना ती वर कशी दिसली, हा प्रश्न घेऊन त्या रात्रीचं जेवल्या.

झाडाने तर कहर केला. झाडाला फळ असेल तर ऑन, आणि झाडावर पक्षी असेल तर इन. मावशी म्हणाल्या, पक्षी काय झाडाच्या पोटात शिरलाय? फळ चिकटलेलं असतं आणि पक्षी पानांच्या आत असतो, असं काहीतरी सून म्हणाली, पण तिचाही आवाज जरा खाली आला होता. पुढे सकाळी म्हणजे इन, रात्री म्हणजे ॲट, सोमवारी म्हणजे ऑन. रात्र सकाळपेक्षा काय लहान आहे की तिला आत जायला जागा नाही? नवरा कोपऱ्यात बसून हसत होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, मी सगळे शब्द एकाच रंगात काढलेत, मला भेदभाव जमत नाही.

आठवडाभरात मावशींच्या नाकी नऊ आले. त्यांना वाटायचं, आपलं डोकं म्हणजे पालथा घडा. कामावर हात चालू असताना तोंडातल्या तोंडात कात्री इन द ट्रे, ट्रे ऑन द टेबल, मावशी ॲट द टेबल असं चाललेलं असायचं. टेबलापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला ॲट, हे त्यांना का कुणास ठाऊक आवडलं होतं. बाकी सगळा गोंधळ. छोटी त्यांच्याकडून ऐकून ऐकून शिकत होती आणि चुकाही त्यांच्याच करत होती.

शेवटी सुनेने शिशुवर्गातली युक्ती काढली. जेवणाच्या टेबलावर पेला, चमचा, काड्यापेटी, रुमाल मांडले. मी म्हणेन तसं ठेवायचं, आणि ठेवता ठेवता बोलायचं, असं ठरलं. आणि काय आश्चर्य, हे जमलं. चमचा पेल्यामागे ठेवताना बिहाइंड आपोआप यायला लागलं. दोन वाट्यांमध्ये काड्यापेटी, बिटवीन. मात्र एक अडचण होती. हात तोंडाच्या पुढे धावायचा. सून शब्द पुरा करायच्या आत वस्तू जागेवर गेलेली असायची, आणि कधीकधी सुनेने सांगितलेल्या जागेऐवजी मावशींना योग्य वाटलेल्या जागी गेलेली असायची.

"आई, रुमाल पेल्याखाली सांगितला होता," सून म्हणायची.

"पेल्याखाली ठेवला तर ओला होईल," मावशी म्हणायच्या.

"परीक्षेत ओला होऊ दे."

मावशी मान डोलवायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. तरी महिन्याभरात वीसपैकी पंधरा-सोळा वाक्यं बरोबर यायला लागली. छताच्या माशीचा त्यांनी नाद सोडला होता. ट्रेमध्ये माशी नसते, असली तर परीक्षा होण्याआधी इस्पितळ बंद होईल, असा त्यांचा हिशेब होता.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक तरुण परीक्षक आला. नीटनेटका, मृदू बोलणारा. त्याने प्रशिक्षणाच्या खोलीत एका टेबलावर ट्रे मांडला होता. इस्पितळाच्या भंगारात टाकलेल्या जुन्या हत्यारांतून निवडून, सकाळी स्वतःच्या हाताने. एका वेळी एकानेच आत जायचं, ट्रे बघायचा आणि काय कुठे आहे याची वीस वाक्यं लिहायची. ट्रेला हात लावायचा नाही, हे त्याने दारातच सांगितलं. मावशींनी हो म्हटलं. त्या वेळी ते त्यांना पटलंही होतं.

ट्रेशी संबंध येणाऱ्या सगळ्यांनाच परीक्षा होती, म्हणजे चौघांना. सगळ्यात आधी लांब्या, म्हणजे ट्रे वर-खाली नेणारा उंच कामगार. मग मावशी, मग छोटी, आणि शेवटी ऑक्सिजनवाला, जो नळकांडी सांभाळायचा, अडीनडीला ट्रेही लावायचा आणि क्वचितच तोंड उघडायचा. लांब्या घाम पुसत बाहेर आला. मावशी आत गेल्या. परीक्षकाला फोन आला म्हणून तो काचेच्या दाराबाहेर पाठमोरा उभा राहिला.

मावशी खुर्चीवर बसल्या, कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. पहिलं वाक्य लिहायचं म्हणून त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यातलं इन, ऑन, ॲट सगळं एका क्षणात धुऊन निघालं. भीतीने सगळं धूसर दिसत होतं. मग हळूहळू धूसरपणा कमी झाला, ट्रे स्पष्ट दिसायला लागला, आणि त्यांना एकदम शांत वाटलं. ट्रे बघितला की त्यांना नेहमीच शांत वाटायचं. कधी लिहायला सुरुवात केली हेही त्यांना कळलं नाही. वीस वाक्यं झाली तेव्हा पाच मिनिटं उरली होती. बाहेर येताना त्या छोटीला म्हणाल्या, घाबरू नकोस, ट्रे सोपा आहे.

निकाल आठ दिवसांनी आला. कागद तपासणारा माणूस दुसरीकडे कुठेतरी बसलेला होता. त्याच्याकडे फक्त परीक्षकाने दिलेली यादी, कुठली वस्तू कुठे. यादीशी जुळलं तर गुण, नाही तर शून्य. लांब्याला सोळा. मावशींना चार. छोटीला तीन. ऑक्सिजनवाल्याला पाच. नापासांची पुढची परीक्षा तीन महिन्यांनी, आणि तोवर तिघांनी पुढच्या सोमवारपासून धुलाईत जायचं.

मावशींना काही कळेना. नापास झालो याचं दुःख होतंच, पण त्याहून चार या आकड्याचं कोडं मोठं होतं. घरी जाऊन त्यांनी वीसच्या वीस वाक्यं सुनेला म्हणून दाखवली, कारण ती त्यांना पाठ होती. सुनेने ती कागदावर उतरवली, लाल पेन घेऊन बसली, आणि पेन तसंच हातात धरून राहिली. दोन चुका होत्या. फक्त दोन.

"आई, हे सगळं बरोबर आहे."

"मग चार का?"

सुनेला वाटलं, आपण शिकवलेलंच कुठेतरी मुळात चुकलंय. ती शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक काढून बसली, मावशी तिच्या समोर बसल्या, आणि दोघींनी मिळून ती वाक्यं उलटसुलट तपासली. बरोबर असूनही चूक, हे कसं असतं? झाडावरच्या पक्ष्यासारखी इथेही काहीतरी खोच असणार, असं मावशींना वाटलं. इंग्रजीचं काही सांगता येत नाही, एवढं त्या महिन्याभरात शिकल्या होत्या.

कोडं सुटलं ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला. छोटी रडवेली होऊन म्हणत होती, वाटी उपडी होती, मी उपडी लिहिली, कापूस वाटीच्या बाजूला होता, तसा लिहिला, तरी शून्य. लांब्या म्हणाला, उपडी कसली, वाटी चांगली सुलटी होती आणि कापूस तिच्या आत होता. छोटी म्हणाली, तू डोळे मिटून बसला होतास का? लांब्या म्हणाला, मला सोळा आहेत, डोळे तू तपासून घे. दोघांचं चांगलंच जुंपलं. लांब्या म्हणे, तो जाडजूड रिट्रॅक्टर सगळ्यात वर होता, नाजूक चिमटे त्याच्याखाली दबले होते. छोटी म्हणे, रिट्रॅक्टर तळाला होता, चिमटे वर. ऑक्सिजनवाल्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि छोटीचीच बाजू घेतली.

मावशींच्या हातातला कप थांबला. जखमेची कड मागे ओढून धरणारा तो जाड रिट्रॅक्टर कुणी नाजूक चिमट्यांवर ठेवेल? ठेवला होता. त्यांना आता तो दिसत होता, आणि तो उचलताना बोटांना लागलेला थंडपणाही आठवत होता. वाटी त्यांनीच उपडी केली होती. कात्रीचं मिटलेलं तोंड उघडलं होतं. ट्रे बघून शांत वाटलं होतं ते का, हे त्यांना आत्ता कळलं. आधी तो नीट लावला होता, मग शांत वाटलं होतं. हात न लावण्याचं वचन त्यांनी मनापासून दिलं होतं, फक्त ते हातांना कळवायचं राहून गेलं होतं.

त्या चहा तसाच ठेवून खोलीत गेल्या आणि समोरचा ट्रे लावायला घेतला. म्हणजे छोटी बरोबर होती. ऑक्सिजनवालाही बरोबर होता. त्यांनी मावशींचा ट्रे बघितला होता आणि तो इमानाने लिहिला होता.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग त्याला स्वतःचंच वाईट वाटलं आणि तो रंगाचे ब्रश धुवायला उठून गेला. सून मात्र स्वच्छ म्हणाली, गप्प बसा. तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे, तिघंही पास व्हाल, तुम्ही तर नक्कीच. आत्ता सांगितलंत तर परीक्षेत ढवळाढवळ केली म्हणून परीक्षेतून आणि ट्रेच्या खोलीतूनही कायमच्या बाहेर. नियमाच्या कागदात तसं लिहिलंय, मी वाचलंय.

"आणि छोटीचं काय? तीन महिने सोड्याच्या पुडीत?"

"तीनच महिने, आई."

मावशींना सुनेचा राग आला नाही, कारण ती त्यांच्याच बाजूने बोलत होती. त्यांच्या मनातही हेच आलं होतं, अगदी याच शब्दांत. तीनच महिने. पण दुपारी रडता रडता छोटीच्या छातीतून जी शिट्टी वाजत होती ती त्यांनी ऐकली होती. एकीकडे आपली खोली, दुसरीकडे तिची छाती, आणि मध्ये आपण. काय करावं ते त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. सकाळ झाली, त्या कामावर निघाल्या, आणि ट्रेच्या खोलीकडे वळण्याऐवजी पाय मेट्रनबाईंच्या दारात जाऊन थांबले, एवढंच.

मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि परीक्षकाला बोलावून घेतलं. त्याच्याकडे परीक्षेच्या सकाळी काढलेला ट्रेचा फोटो होता. मेट्रनबाईंनी चष्मा लावून तो पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. हा ट्रे कुणी लावला, असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं त्या आवाजाला थिएटरातले सर्जनही घाबरत. परीक्षकाने "मी" असं सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. इंग्रजी तपासायचं होतं, ट्रे नव्हे, असं तो हळू आवाजात म्हणाला. ते खरंही होतं.

मग त्याने तिथेच बसून तिन्ही कागद मावशींनी सांगितलेल्या मांडणीप्रमाणे तपासले. छोटीला सतरा. ऑक्सिजनवाल्याला चौदा. दोघंही पास. मावशींचा कागद त्याने शेवटी घेतला. एकेका वाक्यापुढे खूण करत गेला आणि अठरा हा आकडा लिहिला. मग पेन ठेवलं आणि म्हणाला की मला हा आकडा धरता येणार नाही. मेट्रनबाई त्याच्याशी भांडल्या, वरच्या साहेबांकडे गेल्या, तिथेही भांडल्या. नियम कुणीच मोडायला तयार नव्हतं. ट्रेला हात लावायचा नाही एवढी एकच अट होती, आणि ती मोडल्याचं मावशींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

छोटीला हे कळलं तेव्हा तिने मावशींचे दोन्ही हात धरले. मावशींनी तिला वाफेच्या यंत्राचं दार कसं उघडायचं ते दाखवलं. बाजूला उभं राहायचं, तोंड फिरवायचं आणि पहिली वाफ जाऊ द्यायची. हे त्यांनी तिला आजवर शिकवलंच नव्हतं. दोनदा करून घेतलं, तिसऱ्यांदा तिला एकटीला करू दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी पाकीट घरी आलं. जेवणाच्या टेबलाशी तिघं बसली. सुनेने पाकीट फोडलं, नजर टाकली आणि कागद पुन्हा घडी करायला लागली. मी नंतर वाचून दाखवते, म्हणाली. मावशींनी हात पुढे केला.

"दे इकडे. मी वाचते."

त्यांनी कागद दिव्याखाली धरला आणि वाचायला लागल्या. अडखळत, पण कुणाला न विचारता. फ्रॉम ट्रेची खोली. टू धुलाई. ऑन मंडे. ॲट एट. प्रत्येक छोट्या शब्दापाशी त्या थांबल्या, त्याच्या मागचा शब्द बघितला, गाठ बांधली आणि पुढे गेल्या. कुठून, कुठे, कुठल्या वारी, किती वाजता. इस्पितळाने इंग्रजीत पाठवलेला कागद त्यांनी पहिल्यांदाच स्वतः वाचला होता, आणि त्यातलं एक अक्षरही समजायचं राहिलं नव्हतं.

सून रडत होती. मावशींना वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी सगळं वाचता आलं याचा आनंदही होत होता. या दोन्हींचं एकदम काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी कागद सुनेपुढे सरकवला आणि लाल पेनही तिच्या हातात दिलं.

"बघ, एकही चुकला का?"

सुनेने मान हलवली. नाही.

"मग रडतेस कशाला," मावशी म्हणाल्या, आणि मग त्याही रडल्या.